मौन फक्त खेळाडूंनीच पाळावयाचे काय?

‘खेळात राजकारण आणू नये’ हे वचन आपल्याकडे इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज आता कोणालाच वाटत नाही. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात दुबईत आशिया चषकाचे सामने झाले, तेव्हा या वचनाचा पुन्हा एकदा घोष झाला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पहलगाम येथे झालेल्या हत्याकांडाची जखम ताजी होती. भारतीय खेळाडूंनी पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन केले नाही, आणि अंतिम सामना जिंकल्यावर आशियाई क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांच्या हातून चषकही स्वीकारला नाही. खेळाडूंनी मैदानावर राजकारण आणले, असा आक्षेप काहींनी घेतला. परंतु ज्या अध्यक्षांच्या हातून चषक घ्यावयाचा होता, ते मोहसिन नक्वी त्या वेळी पाकिस्तानचे अंतर्गत व्यवहार मंत्री होते! ज्या व्यासपीठावर मंत्री आधीच येऊन उभा राहिला आहे, तेथे राजकारण प्रथम कोणी आणले, हा प्रश्न निदान विचारावयास तरी हवा.

त्या प्रसंगी संघाचे वागणे उचित होते की अनुचित, या वादात आम्ही आज शिरत नाही. संघाचा निर्णय ही एक गोष्ट आहे आणि एकट्या खेळाडूची सदसद्विवेकबुद्धी ही दुसरी. आमच्यापुढचा प्रश्न या दुसऱ्या गोष्टीचा आहे. स्पर्धेच्या ठिकाणी, हजारोंच्या साक्षीने, खेळाडूने आपले राजकीय मत प्रकट करावे काय? आमचे उत्तर होकारार्थी आहे. त्याला मर्यादा हव्यात, हे आम्ही जाणतो. परंतु क्रीडासंस्थांनी आज ज्या मर्यादा घातल्या आहेत, त्या चुकीच्या जागी घातल्या आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या प्रश्नाचा इतिहास पाहण्यासाठी मुंबईकरांना परदेशी जाण्याचे कारण नाही. याच शहरात एके काळी हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन असे धर्माच्या आणि वंशाच्या नावाने संघ उभे राहत आणि चौरंगी सामने खेळत. पालवणकर बाळू हे त्या काळचे श्रेष्ठ गोलंदाज. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. परंतु ते दलित समाजात जन्मलेले असल्यामुळे हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. १९२० साली त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांना हा अन्याय असह्य झाला, आणि जाहीर निवेदन काढून ते संघातून बाहेर पडले. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर त्याच संघाचे कर्णधार झाले. बदलत्या लोकमताचा रेटा त्यामागे होता, हे खरे. पण त्या लोकमताला तोंड फोडण्याचे काम कोणी केले? ‘तुम्ही चेंडूफळी खेळा, जातीपातीची चर्चा पुढाऱ्यांवर सोपवा’ हा उपदेश त्या बंधूंनी शिरसावंद्य मानला असता, तर तो दिवस आणखी किती लांबला असता, याचा विचार वाचकांनीच करावा.

जगातील सर्वांत गाजलेला प्रसंग १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमधला. १६ ऑक्टोबर रोजी दोनशे मीटरच्या शर्यतीत अमेरिकेच्या टॉमी स्मिथ यांनी १९.८३ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. ऑस्ट्रेलियाचे पीटर नॉर्मन दुसरे आणि अमेरिकेचेच जॉन कार्लोस तिसरे आले. राष्ट्रगीत सुरू होताच दोघा कृष्णवर्णीय अमेरिकनांनी मान खाली घातली आणि काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली. आपल्या समाजाचे दारिद्र्य दाखविण्यासाठी ते बुटांवाचून, केवळ काळे पायमोजे घालून उभे होते. कोणाचा अपमान नाही, घोषणा नाही, शर्यतीत व्यत्यय नाही. तरीही आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष ॲव्हरी ब्रंडेज यांचा संताप अनावर झाला आणि दोघांची क्रीडाग्रामातून हकालपट्टी करण्यात आली. हेच ब्रंडेज १९३६ साली अमेरिकेच्या ऑलिम्पिक समितीचे प्रमुख होते. त्या वर्षी बर्लिनच्या स्पर्धेवर बहिष्कार घालू नये म्हणून त्यांनी आपली सारी शक्ती खर्च केली होती. बर्लिनच्या विजयमंचावर जर्मन विजेते नाझी पद्धतीने हात उंचावून सलामी देत होते. त्यांना कोणी घरी धाडले नाही. सत्तेचा हात उंचावला तर तो शिष्टाचार, आणि पीडिताची मूठ उंचावली तर ते राजकारण, असा हा न्याय!

आणि हा प्रश्न केवळ एका पक्षाचा किंवा एका विचारसरणीचा आहे, असेही नाही. मेक्सिकोच्याच स्पर्धेत झेकोस्लोव्हाकियाची जिम्नॅस्ट वेरा चास्लावस्का हिने सोव्हिएत राष्ट्रगीताच्या वेळी मान वळवून खाली घातली. दोनच महिन्यांपूर्वी रशियन रणगाडे तिच्या देशात घुसले होते. या एका हालचालीची किंमत तिने मायदेशी अनेक वर्षे उपेक्षा सोसून मोजली. ज्यांना स्मिथची मूठ खुपली त्यांना वेराची मान भावली असेल, आणि ज्यांना मूठ भावली त्यांतील काहींना ती मान खुपली असेल. नियम मात्र दोघांना एकच हवा.

या मताविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, ते सगळेच पोकळ आहेत असे आम्ही म्हणणार नाही. दिवसभराच्या कटकटी विसरण्यासाठी प्रेक्षक मैदानावर येतो, हे खरे. प्रत्येकाने आपापला झेंडा फडकविला, तर मैदानाचा आखाडा होईल, ही भीतीही निराधार नाही. आणि वेगाने धावणाऱ्याला राज्यशास्त्रही अधिक कळते, असे तर कोणीच मानू नये. परंतु नागरिकाला मत मांडण्यासाठी परीक्षा द्यावी लागत नाही. मग खेळाडूलाच ती का असावी? जो देश त्याच्या पदकावर आपले नाव कोरून घेतो, ज्याचे मंत्री त्याच्या खांद्यावर हात ठेवून छायाचित्रे काढून घेतात, त्या देशाने त्याला ‘तू राजकारणापासून दूर राहा’ असे कोणत्या तोंडाने सांगावे?

खरी कसोटी आपल्या स्वतःच्या मनाची आहे. २०१९ च्या मार्चमध्ये रांची येथे भारतीय संघ लष्करी पद्धतीच्या टोप्या घालून खेळला. हुतात्मा जवानांच्या स्मृत्यर्थ निधी उभारण्याचा हेतू होता, आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्यास अनुमती दिली होती. आपल्याला त्याचा आनंद झाला, आणि तो स्वाभाविक होता. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजा याने गाझातील जीवितहानीच्या दुःखाने, सर्व जीवांचे मोल सारखे आहे, अशा अर्थाचे शब्द बुटांवर लिहिले. त्याला परिषदेने मनाई केली, आणि पर्थच्या कसोटीत दंडावर काळी फीत बांधल्याबद्दल समजही दिली. पहिल्या प्रसंगी टाळी आणि दुसऱ्या प्रसंगी ‘खेळात राजकारण नको’ असे जर कोणी म्हणत असेल, तर त्याचा विरोध राजकारणाला नसून नावडत्या राजकारणाला आहे.

म्हणून मर्यादा घालावयाची, तर ती मताला न घालता ते प्रकट करण्याच्या रीतीला घालावी. खेळ थांबू नये. प्रतिस्पर्ध्याचा किंवा कोणत्याही समाजाचा अपमान होऊ नये. द्वेषाला किंवा हिंसेला चिथावणी मिळू नये. आणि ज्याला गप्प राहावयाचे आहे, त्याच्यावर बोलण्याची सक्ती कोणत्याही सरकारने वा चाहत्यांच्या झुंडीने करू नये. एवढे पाळून कोणी दंडावर फीत बांधली वा मूठ उंचावली, तर त्यास मुभा असावी. ऑलिम्पिक समितीने २०२१ मध्ये स्पर्धा सुरू होण्यापूर्वी मैदानावर असे मतप्रदर्शन करण्यास वाव दिला. विजयमंच मात्र बंदच ठेवला. अर्धे दार उघडून ती थांबली आहे. खेळाडूच्या मतावर टीका अवश्य व्हावी, कारण बोलणाऱ्याने टीकेची तयारी ठेवलीच पाहिजे. पण त्याचे संघातील स्थान आणि त्याची रोजीरोटी यांना त्यापायी धक्का लागता कामा नये.

मेक्सिकोच्या मंचावर त्या दोघांच्या सोबतीला उभे असलेले पीटर नॉर्मन गोरे होते. मानवी हक्कांच्या चळवळीचा बिल्ला छातीवर लावून त्यांनी आपला पाठिंबा व्यक्त केला. १९७२ च्या ऑलिम्पिकला त्यांना पाठविण्यात आले नाही. त्याची कारणे आजही वादग्रस्त आहेत. २००६ मध्ये ते वारले, तेव्हा स्मिथ आणि कार्लोस यांनी त्यांच्या शवपेटीला खांदा दिला. ऑस्ट्रेलियाच्या लोकप्रतिनिधिगृहाने २०१२ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, त्यांची माफी मागणारा ठराव संमत केला. आपल्या खेळाडूंच्या बाबतीत असा ठराव करण्याची पाळी आपल्या नातवंडांवर येऊ नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.