पेटीवरचा आकडा आणि पडद्यावरचे चित्र

बत्तीस इंचांहून मोठ्या दूरचित्रवाणी संचांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मोठा पडदा ही आता केवळ शहरी श्रीमंतांची चैन राहिलेली नाही, हे सरकारनेही या निर्णयाने एका अर्थी मान्य केले. चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, माणिकगडच्या पहाडावर वसलेल्या जिवती तालुक्यात कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर एखादे कुटुंब गडचांदूरच्या किंवा राजुऱ्याच्या पेठेतून नवा संच घेऊन घाट चढू लागले, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. संचाच्या पेटीवर ठळक अक्षरांत ‘फोर-के’ असे छापलेले असते. संच भिंतीवर लागला, की पेटीवर छापलेले चित्र आता घरात आले, असे घरातील सर्वजण समजतात. ते खरोखरच आले की नाही, हे सहसा कोणी तपासत नाही. आणि ते कसे तपासावे, हे विकणारा सांगत नाही.

वस्तुतः पेटीवरचा आकडा हा संचाच्या क्षमतेचा असतो, पुरवठ्याचा नव्हे. टाकीवर हजार लिटर असे लिहिले म्हणून नळाला हजार लिटर पाणी येत नाही. हा भेद पहाडावरच्या माणसाला समजावून सांगावा लागेल, असे नाही. याच तालुक्यातील तेलंगणच्या सीमेलगतच्या काही गावांवर दोन्ही राज्ये वर्षानुवर्षे हक्क सांगत आली आहेत आणि तेथील अनेकांजवळ दोन्हीकडची शिधापत्रिका व मतदार ओळखपत्रे आहेत. कागदावर जे असते ते आणि दारापर्यंत जे पोचते ते, यांतील अंतर मोजण्याचा सराव त्यांना पुष्कळ आहे. दूरचित्रवाणीच्या बाबतीत मात्र हे अंतर डोळ्यांना सहजासहजी दिसत नाही. खरी अडचण तेथे आहे.

थोडे अंकगणित केले म्हणजे या अंतराची कल्पना येईल. पडद्यावरचे चित्र असंख्य ठिपक्यांचे बनलेले असते. साध्या, म्हणजे ‘एसडी’ प्रक्षेपणात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात. त्यांचा गुणाकार ४,१४,७२० होतो. पूर्ण एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. हे बरोबर पाचपट झाले. फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके असतात. हे बरोबर वीसपट. तेव्हा फोर-के संचावर साधी वाहिनी लावली, तर पडद्यावरील दर वीस ठिपक्यांमागे एकाचीच माहिती बाहेरून आलेली असते. उरलेले एकोणीस संच आपल्या अंदाजाने भरून काढतो. हा अंदाज आजकाल मोठ्या हुशारीने केला जातो हे खरे. तथापि जे पाठवलेच गेले नाही, ते कोणत्याही हुशारीने परत आणता येत नाही.

पहाडावर चित्र येते ते मुख्यतः दोन वाटांनी: आकाशातून तबकडीवर, जिला खेडोपाडी छत्री म्हणतात, आणि मोबाइलच्या इंटरनेटवरून. वस्ती विरळ आणि अंतरे मोठी असलेल्या डोंगराळ भागात केबलची तार घरोघर नेणे धंद्याच्या दृष्टीने परवडत नाही. म्हणूनच अशा भागात डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे ‘फ्री डिश’ म्हणून ओळखल्या गेलेल्या दूरदर्शनच्या सेवेचे महत्त्व मोठे आहे. छत्री आणि सेटटॉप बॉक्स एकदा विकत घेतला, की मासिक वर्गणी नाही. परंतु या सेवेवरील बहुसंख्य वाहिन्या साध्या स्पष्टतेच्याच आहेत. त्यातच पुष्कळ स्वस्त बॉक्स पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या अशा तीन तारांनी संचाला जोडले जातात. त्यांतील पिवळी तार चित्र नेते आणि साध्या स्पष्टतेपलीकडचे चित्र नेण्याची तिची ऐपतच नाही. खासगी कंपनीची छत्री असलेल्या घराने एचडी वाहिन्यांची वर्गणी भरली आणि बॉक्स मात्र याच तारेने जोडला, तर भरलेल्या जादा पैशांतील एक पैसुद्धा पडद्यापर्यंत पोचत नाही. घरात कोणालाच त्याचा पत्ता लागत नाही; कारण चित्र तर दिसतच असते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत प्रक्षेपण आले. त्या काळच्या प्रक्षेपणाचे दोष कोणापासून लपत नसत. पडद्यावर मुंग्या आल्या, की संदेश क्षीण झाला हे लहान मुलालाही कळे. मग कोणी छपरावर चढून अँटेना फिरवी आणि खालून ‘आलं, आलं’ किंवा ‘गेलं’ अशी आरोळी ऐकू येई. ती मोजणी ओबडधोबड खरी, पण ती ग्राहकाच्या हातात होती. जमिनीवरून होणारे ते जुने प्रक्षेपण मोजकी ठिकाणे वगळता मार्च २०२२ अखेर बंद करण्यात आले. अंकीय प्रक्षेपणात मुंग्या नाहीत. चित्र एक तर येते, नाही तर पावसाच्या सरीत तुकडे होऊन थिजते. या दोहोंच्या मधली अवस्था, म्हणजे चित्र येणे पण कमी प्रतीचे येणे, सफाईने झाकली जाते. दोष नाहीसा झाला असे नव्हे. तो दिसेनासा झाला.

तो पाहण्याची साधने नाहीत असेही नाही. बहुतेक संचांच्या रिमोटवर ‘इन्फो’ किंवा ‘डिस्प्ले’ असे बटण असते. ते दाबले, की पडद्याच्या कोपऱ्यात ५७६, ७२०, १०८० किंवा २१६० असा एखादा आकडा उमटतो. तो उभ्या दिशेने असलेल्या ओळींचा. मात्र येथेही एक फसगत संभवते आणि ती ध्यानात घेतली पाहिजे. सेटटॉप बॉक्स पुष्कळदा साध्या वाहिनीचे चित्र स्वतःच ताणून १०८० ओळींचे करतो आणि मग संचाकडे पाठवतो. अशा वेळी संच प्रामाणिकपणे १०८० हा आकडा दाखवतो. कारण त्याच्या दारात तेवढेच आलेले असते. बॉक्सच्या दारात काय आले, हे त्याला ठाऊक नसते. काही बॉक्समध्ये, जसे येईल तसेच चित्र पुढे पाठवण्याची सोय असते. ती सुरू केली म्हणजे खरा आकडा कळतो. ती नसेल, तर एकाच कार्यक्रमाची साधी आणि एचडी वाहिनी आळीपाळीने लावून पडद्याच्या तळाशी सरकणारी बारीक अक्षरे पाहावीत. दोन्हींत काहीच फरक दिसला नाही, तर तार, बॉक्स, संच किंवा पुरवठादार यांपैकी कोठे तरी पाणी मुरते आहे, असे समजावे.

खुद्द संचाचीही परीक्षा घ्यावी लागते. काही पेट्यांवर ‘फोर-के सपोर्ट’ असे शब्द असतात आणि आतील पडदा मात्र १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचाच असतो. याचा अर्थ इतकाच, की संच फोर-के चित्र स्वीकारू शकतो. दाखवताना तो ते आपल्या मापाचे करून घेतो. हे शब्दशः खोटे नाही, आणि म्हणूनच अधिक फसवे आहे.

इंटरनेटवरून येणाऱ्या चित्राची तऱ्हा याहून निराळी. तेथे चित्राची प्रत जोडणीच्या वेगानुसार क्षणोक्षणी बदलते. मोबाइलचे जाळे क्षीण असलेल्या डोंगरात ती आपोआप खाली उतरते आणि कोणी तसे कळवीत नाही. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ नावाची एक सोय आहे. ती उघडली म्हणजे त्या क्षणी येत असलेल्या चित्राचा खरा आकडा दिसतो. हे नाव वाचून ती आपल्यासाठी असेल, असे किती सामान्य ग्राहकांना वाटेल? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा जाळ्यांवरील ताण कमी करण्यासाठी या व्यवसायातील मोठ्या कंपन्यांनी मोबाइल जाळ्यावरील चित्र १४ एप्रिलपर्यंत ४८० ओळींपुरते मर्यादित ठेवण्याचे ठरवले. तो निर्णय त्या वेळी योग्यच होता आणि जाहीरही झाला होता. परंतु पुरवठादाराने मनात आणले, तर देशभराच्या चित्राची प्रत एका दिवसात खाली आणता येते, हेही त्यातून दिसले. घोषणा झाली नसती, तर तपासणारे किती निघाले असते?

एवढ्या बारीकसारीक गोष्टीचा ऊहापोह करण्याचे कारण, ग्राहक या आकड्यांसाठी पैसे मोजतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१७ च्या आदेशात जाळ्याचे शुल्क ठरवताना एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांबरोबर धरण्यात आली होती. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातील दर उतरवले, तेव्हाही महिना १४९ रुपयांच्या योजनेत ४८० ओळी आणि ६४९ रुपयांच्या योजनेत फोर-के, अशी प्रतवारी होतीच. म्हणजे स्पष्टता ही आता धान्याप्रमाणे मापून विकली जाणारी वस्तू आहे. फरक इतकाच, की माप फक्त विकणाऱ्याजवळ आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखवून दिले होते, की मालाची प्रत विकणाऱ्यालाच ठाऊक असेल आणि घेणाऱ्याला नसेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावतो. २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे हे विवेचन होते. जो पुरवठादार खरोखर चांगले चित्र पाठवतो, त्याला त्याचे श्रेय मिळू नये आणि जो पाठवत नाही त्याचे बिंग फुटू नये, अशा बाजारात प्रामाणिकपणा हा निव्वळ तोट्याचा धंदा ठरतो.

यावर कोणी म्हणेल, की जेथे रस्ते, पाणी आणि वनजमिनीचे पट्टे हे प्रश्न अजून सुटायचे आहेत, तेथे पडद्यावरचे ठिपके कसले मोजता? हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण तो टिकणारा नाही. हप्त्याने घेतलेल्या संचाचा रुपया मुंबईच्या रुपयाइतकाच मोठा असतो. किंबहुना कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घरात तो अधिक कष्टाचा असतो. शिवाय पडदा आता केवळ करमणुकीचा राहिलेला नाही. शाळा बंद असताना २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली, आणि पुढे शालेय अभ्यासाच्या अनेक वाहिन्या फ्री डिशवर आल्या. पडद्यावरचे गणित, नकाशावरची नावे, बाजारभावाच्या पट्टीतील आकडे ही वाचायची असतात. मुलाला पडद्यावरचा तीन की आठ हे कळत नसेल, तर दोष त्याच्या डोळ्यांचा की येणाऱ्या चित्राचा, हे त्याच्या पालकांना कळायला नको काय?

उपाय फार खर्चाचे नाहीत. बाहेरून येणाऱ्या चित्राचा मूळ आकडा, ताणलेला नव्हे, एका बटणासरशी मराठीत दाखवण्याची सोय प्रत्येक बॉक्सवर सक्तीची करावी. पेटीवर सर्वांत ठळक आकडा पडद्याच्या प्रत्यक्ष ठिपक्यांचा असावा. ‘सपोर्ट’ने त्याची जागा घेऊ नये. एचडीची वर्गणी घेताना जोडणी त्या योग्यतेची आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी बसवणाऱ्यावर टाकावी. वस्तू आणि सेवेची गुणवत्ता, प्रमाण, दर्जा व किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेलाच आहे. तो या पडद्यापर्यंत नेण्याचे तेवढे उरले आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. वजनमापांच्या तपासणीची जी सवय ग्राहक चळवळीने लावली, तिचा हा पुढचा धडा ठरू शकेल. तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी एका सुटीत गावोगाव जाऊन बटण दाबून आकडे टिपले, तरी पहाडावर प्रत्यक्षात काय पोचते याची पहिली नोंद तयार होईल.

जिवतीच्या शेतकऱ्याला ही पद्धत परकी वाटणार नाही. सोयाबीनच्या पिशवीवर उगवणशक्तीचा आकडा छापलेला असतो. तरीही जाणता शेतकरी पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि काही दिवसांनी किती अंकुरले ते मोजतो. सत्तर निघाले तर पेरतो. त्यामागे कोणावर अविश्वास नसतो. पेरणी एकदाच करायची असते, एवढेच. संचासाठीही पैसे एकदाच साठतात. दुकानातून निघण्यापूर्वी आणि घरी जोडल्यावर, अशी दोनदा ती छोटी कळ दाबून पाहिली, तर पेटीवरचा आकडा आणि पडद्यावरचे चित्र यांतला हिशेब ग्राहकाला स्वतःच मांडता येईल.