भाव उतरत नाही. तो उतरू दिला जात नाही

घरांचा बाजार मंदावला की वृत्तपत्रांच्या स्थावर मालमत्तेच्या पुरवण्यांतून एक उपदेश न चुकता छापून येतो : हीच वेळ आहे, घासाघीस करा, बिल्डर नमेल. जणू घराचा भाव हा केवळ जिभेच्या चातुर्याचा प्रश्न आहे आणि ज्याला घर मिळत नाही तो सौदा करण्यात कच्चा आहे! मध्यमवर्गीयांच्या गळी उतरवलेला हा समज आपल्या कार्यकर्त्यांतही आढळतो, म्हणून त्याचा समाचार घेणे आवश्यक आहे.

क्रमिक पुस्तक सांगते की मागणी घटली की किंमत घटते. मुंबई-पुण्याचा अनुभव मात्र निराळा आहे. २०१६ च्या नोटाबंदीनंतरच्या वर्षांत तयार घरे गिऱ्हाइकाविना पडून राहिली, तरी जाहीर भाव सहसा ढळले नाहीत. सवलत मिळाली ती आडवाटेने : मुद्रांक शुल्क माफ, वाहनतळाची जागा फुकट, स्वयंपाकघराची सजावट भेट. बिल्डर भेटवस्तू देतो आणि भाव देत नाही, यामागे हिशोब आहे. एका सदनिकेचा भाव उघडपणे उतरला की आधीचे खरेदीदार जाब विचारतात, उरलेल्या सर्व सदनिकांचे मूल्य घटते आणि ज्या तारणावर कर्ज उचलले ते तारणही हलके होते.

ग्राहकाचा हिशोब उलटा असतो. कर्जाची रक्कम चार लाखांनी कमी झाली, तर साडेआठ टक्के व्याजाच्या वीस वर्षांच्या कर्जावर दरमहा सुमारे ३,४७० रुपये आणि एकंदर सुमारे ८ लाख ३३ हजार रुपये वाचतात. चार लाखांच्या भेटवस्तूंवर मात्र तो वीस वर्षे व्याज भरत राहतो.

सौद्यात जिंकतो तो ज्याला थांबणे परवडते तो. खरेदीदाराला थांबण्याची किंमत रोख मोजावी लागते. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की वाढीव भाडे, नवी अनामत रक्कम, दलाली आणि मुलांच्या शाळेची चिंता त्याच्यापुढे उभी राहते. बिल्डरचे थांबणे कोणाच्या पैशावर चालते? २००८ च्या डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने व्यापारी स्थावर कर्जांच्या पुनर्रचनेला खास मुभा दिली. २०२० च्या फेब्रुवारीत, प्रवर्तकाच्या आवाक्याबाहेरील कारणांनी रखडलेल्या अशा प्रकल्पांना कर्जाची श्रेणी न घटवता आणखी एक वर्ष दिले गेले. पूर्ण होऊनही न विकलेल्या घरांवर काल्पनिक भाड्याचा प्राप्तिकर २०१७ साली लागू झाला, तोही एक वर्षाची सूट देऊन. २०१९ च्या अर्थसंकल्पाने ती सूट दोन वर्षांची केली. घराच्या हप्त्यात चुकलेल्या कारकुनाला मात्र बँकेची नोटीस वेळेवर येते.

राज्यसंस्थेने तर भावाखाली टेकूच लावला आहे. रेडी रेकनरच्या दराहून ठराविक मर्यादेपलीकडे कमी किमतीत सौदा झाला, तर फरकाची रक्कम विकणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचेही उत्पन्न मानण्याची तरतूद २०१३ पासून आहे. काळा पैसा रोखण्याचा हेतू योग्यच. परंतु मंदीत हा सरकारी दर खाली येत नसेल, तर प्रामाणिक घासाघीसही करपात्र ठरते. महासाथीच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, महाराष्ट्रात हे दर सरासरी १.७४ टक्क्यांनी वाढवले गेले; मुंबईत ते किंचित उतरले एवढेच. त्याच महिन्यापासून मुद्रांक शुल्क घटवण्यात आले. २०२१ च्या जानेवारीत बिल्डरांचे अधिमूल्य निम्म्यावर आणले. अट एवढीच की ग्राहकाचे मुद्रांक शुल्क त्यांनी भरावे. घराची किंमत कमी करावी, अशी अट मात्र घातली नाही! तिजोरीने तोटा सोसला आणि भाव अबाधित राहिला.

‘पुरवठा वाढू द्या, भाव आपोआप उतरतील,’ असे बाजारवादी म्हणतात. २०१२ साली केंद्राच्या तज्ज्ञ गटाने शहरांतील घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख मानली. २०११ च्या जनगणनेने शहरांतच सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी नोंदवली. यांतील काही घरे कुलूप लावून ठेवण्यास मालकांना रास्त कारणे असतील. तरीही इतकी घरे रिकामी आणि इतकी माणसे बेघर असताना उणीव केवळ विटा-सिमेंटची आहे, असे कोण म्हणेल?

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? मुंबईच्या गिरणी कामगाराने १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात एक धडा गिरवला : मजुरीचा सौदा एकेकट्याने करायचा नसतो. त्याचीच नातवंडे आज आयुष्यभराच्या मजुरीचा सौदा बिल्डरच्या वातानुकूलित कार्यालयात एकेकटी करतात. ही कोंडी फुटली पाहिजे. एकाच वस्तीत घर शोधणारी वीस-पंचवीस कुटुंबे एकत्र बसली आणि एकमुखाने भाव मागू लागली, तर मंदी खरोखर त्यांच्या बाजूने उभी राहील. नोंदणी झालेल्या करारांची सूची क्रमांक २ पाहता येते. शेजारच्या सदनिकेचा नोंदलेला भाव काय होता, हे विसार देण्यापूर्वी प्रत्येकाला ठाऊक हवे. करारनामा नोंदवल्याखेरीज दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास २०१६ च्या रेरा कायद्याने मनाई केली आहे. ही गोष्ट घरोघरी पोहोचली पाहिजे.

आणि पक्षाने मागणी करावी ती अशी : प्रत्येक प्रकल्पातील प्रत्यक्ष विक्रीचे भाव महारेराने सदनिकावार जाहीर करावेत, बाजार घसरला की रेडी रेकनरही घसरावा, आणि बिल्डरला कोणतीही करसवलत द्यायची तर ती जाहीर भावात तेवढीच घट झाल्यावरच द्यावी. वैयक्तिक चातुर्याने एखाद्याला लाख-दोन लाख सुटतील. संघटित मागणीखेरीज भाव हलणार नाही.