वर्गणी आमची, सातबारा कोणाचा?

चिंचपोकळीत माणसं राहतात त्याहून जास्त गावं राहतात. पुलावरनं लालबागच्या अंगाला उतरा नायतर सातरस्त्याकडं जा, चाळीच्या जिन्यापाशी पाटी दिसणारच : अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई. तमुक वाडी विकास मंडळ, रजिस्टर्ड. गिरण्या चालू होत्या तेव्हा अशा पाटीमागं एक खोली असायची. गावाची खोली. वीस-पंचवीस बाप्ये तिच्यात पाळीपाळीनं झोपायचे. एक कामावर गेला की दुसऱ्याची वळकटी उलगडायची. ट्रंक माळ्यावर, जेवण खानावळीत, आणि महिन्याच्या महिन्याला गावाच्या नावानं वर्गणी. त्या वर्गणीतनं शाळेवर कौलं चढली, विहिरीला कठडा झाला, मुंबईत मेलेल्याचं मढं गावाला पोचलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, तेव्हा उलटं झालं. गावच्या तांदळानं मुंबईची पोरं जगवली. हे सगळं खरं आहे. मंडळ म्हंजे गरिबांनी गरिबांसाठी काढलेली बँक होती, सरकारच्या आधी दारात पोचणारी.

पण दोस्तहो, कोणाच्या दारात?

एकाच गावाची मुंबईत दोन मंडळं का असतात, हे कधी कोणी जाहीर विचारत नाही. एक ‘समस्त ग्रामस्थ’ मंडळ. दुसरं आपलं, बौद्धवाडीचं. ‘समस्त’ या शब्दाचा अर्थ मला शाळेत ‘सगळे’ असा शिकवला. मॅट्रिक झालो तोवर तो अर्थ टिकला. मग गावाच्या मंडळाची हँडबिलं हातात पडायला लागली आणि कळलं की समस्त म्हंजे आपण सोडून सगळे. वर्गणी काढायची असली म्हंजे मात्र आपण धरून सगळे.

मी गोदीत रोजावर आहे. ठेकेदार बोलावील त्या दिवशी काम. स्टीलच्या कॉइलला साखळी लावायची, गोण्यांची थप्पी मारायची. पाळी मिळाली तर हजेरी, नाही मिळाली तर चहावर दिवस काढायचा. अशा माझ्यासारख्यांच्या घरी गेल्या मे महिन्यात गावाच्या मंडळाची पावती आली : मंदिर जीर्णोद्धार, घरटी पाच हजार. आमच्या माणसांनी १९५६ साली देव सोडले. देवांनी आम्हाला सोडलं. पावती मात्र आम्हाला सोडत नाही. शिमग्याला पालखी गावभर नाचते आणि आमच्या वाडीच्या बांधाशी आली की वळते. पावतीपुस्तकाला तो बांध आडवा येत नाही. मी मंडळाच्या चिटणीसाला विचारलं, “पालखी येत नाय तिथं पावती कशी येते?” तर म्हणतो, “अरे, गावाच्या विकासाचा प्रश्न हाय, तू जात कशाला काढतोस?”

म्हंजे जात आम्ही काढतो. पालखी वळवणारे जात काढत नाहीत. ते फक्त रस्ता बदलतात.

आणि नाही दिली वर्गणी तर? तर गावकी आहेच. कामाला बोलवायचं नाही, दुकानात माल द्यायचा नाही, वाट अडवायची. कोकणात, त्यातही रायगडात, गावकीनं वाळीत टाकल्याच्या तक्रारी एवढ्या झाल्या की महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. ३ जुलै २०१७ पासून तो लागू आहे. बहिष्कार टाकायला बैठक बोलावणं, त्या बैठकीत भाग घेणं, हाही त्यात गुन्हा आहे. बैठक गावच्या देवळात झाली काय नि लालबागच्या चाळीत झाली काय, गुन्हा तो गुन्हाच. पावती घेऊन येणाऱ्याला हे कलम शांतपणे वाचून दाखवा. भांडायची गरज पडत नाही.

ही भानगड फक्त कोकणातली नाही. गोदीत राहून एक कळतं, पाणी सगळीकडं खारट असतं. आफ्रिकेत नायजेरियात इग्बो लोक आहेत. त्यांच्या गावोगावचे लोक लेगॉसला आणि पुढं लंडनला गेले, तिथं त्यांनी आपल्यासारखीच गावाची मंडळं काढली. वर्गणीतनं शाळा बांधल्या, दवाखाने बांधले, पोरं परदेशी शिकायला धाडली. १९६७ ते ७० च्या युद्धात त्यांचा मुलूख बेचिराख झाला, तो पुन्हा उभा करताना सरकारपेक्षा या मंडळांनी घाम गाळला. हे ऐकून छाती फुगते. पण चिनुआ अचेबेची १९६० सालची ‘नो लाँगर अॅट ईझ’ ही कादंबरी वाचा. मी डिक्शनरी घेऊन वाचली. त्यात उमुओफिया गावाचं लेगॉसमधलं मंडळ ओबी नावाच्या पोराला आठशे पौंड कर्जाऊ देऊन इंग्लंडला शिकायला धाडतं. पोरगा शिकून येतो, साहेब होतो आणि क्लारा नावाच्या नर्सवर प्रेम करतो. क्लारा ‘ओसू’. ओसू म्हंजे देवाला वाहिलेल्यांच्या वंशातली. त्यांच्याशी सोयरीक नाही, बरोबरी नाही. आलं ना ध्यानात? हप्त्याला मुदत मागायला ओबी मंडळात जातो. अध्यक्ष मुदत देतो आणि लगेच त्या मुलीचा विषय काढतो. ओसू प्रथा मोडणारा कायदा पूर्व नायजेरियात १९५६ सालीच झाला होता. कायदा झाला म्हणून मंडळ बदललं नाही.

तिथला विकास खोटा नव्हता. शाळा खरी होती, आठशे पौंड खरे होते. पण मंडळ पैशाबरोबर गावाची उतरंडही शहरात घेऊन आलं आणि शहराच्या पैशानं तीच उतरंड पक्की केली. आपल्याकडं ‘गाव तितुका एक’ म्हणणारे हेच करतात. मातीच्या भिंती जाऊन सिमेंटच्या आल्या, वाड्या होत्या तिथंच राहिल्या.

आता स्वतःच्या घरात बघू. आपलं मंडळ तरी धुतल्या तांदळासारखं आहे का?

आमच्या वाडीनं मुंबईत पंधरा वर्षं वर्गणी काढून विहार बांधला. फरशी चकचकीत, बाबासाहेबांचा फोटो मोठा. विहाराशेजारी पाण्याची टाकी मंजूर व्हायची वेळ आली तेव्हा जागेचा कागद मागितला. सातबाऱ्यावर नाव कोणाचं निघालं? जुन्या खोताच्या नातवांचं. खोती १९४९ च्या कायद्यानं गेली. ती जावी म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर नेला होता. आमच्या वाडीत कायदा पोचला, तलाठ्याचं दप्तर पोचलं नाही. टाकी परत गेली. आणि मंडळाचा पुढचा ठराव काय? वाडीच्या तोंडाशी कमान. सहा लाखांची. कमानीवर देणगीदारांची नावं संगमरवरात. कमानीखालची वाट पावसात गुडघाभर चिखल.

म्हाताऱ्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. ते सांगतात, “पोरा, आमची वाडी कुठनं सुरू होते ते लोक नाक मुरडून दाखवायचे. आता मान वर करून बघतील. कमान म्हंजे इज्जत.” ज्यानं गावात वाकून दिवस काढले त्याला उंच दगडाची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळते. पण आजोबा, ज्या जमिनीवर इज्जत उभी करायची ती दुसऱ्याच्या नावावर असली तर एका नोटिशीनं ती आडवी होईल. मग संगमरवरावरची नावं घेऊन आपण कोर्टात काय वाचून दाखवणार?

आपल्या आज्या-पणज्यांनी हे ओळखलं होतं. १९२४ साली इथं पलीकडं परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे मुंबई नि महाड एक करत होते. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. तिथं आपल्या माणसांना पाणवठा नव्हता म्हणून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. चाळीस रुपये, १९२७ चे! दुसऱ्या दिवशी सगळे चवदार तळ्यावर गेले. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली, तर सवर्णांपैकी कोणी जागा देईना. जागा दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं. मुंबईची माणसं बोटीनं दासगावला उतरली आणि त्या जागेवर मनुस्मृती जळाली. तळ्याचा खटला हायकोर्टात संपायला १९३७ चा मार्च उजाडला. दहा वर्षं.

आता हिशेब मांडा. मुंबईच्या कामगारानं गावासाठी केलेलं सगळ्यात मोठं काम कोणतं? त्यात एक वीट नव्हती. पाण्याचा हक्क होता, सभेची जागा होती, वकील होता, दहा वर्षांची चिकाटी होती. विकास हा शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हतं.

म्हणून माझं सरळ म्हणणं. मंदिराची पावती एक रुपयाचीही फाडायची नाही. रस्ता, शाळा, विहीर यांना पैसे द्यायचे, पण कमिटीत आपलं माणूस आणि हिशेबाची वही उघडी असेल तर. आपल्या मंडळाचा पहिला खर्च मोजणीवर आणि कागदावर. घरांच्या जागा, विहार, स्मशान, स्मशानाची वाट, सगळं कोणाच्या नावावर आहे ते काढा. भूमी अभिलेखच्या कचेरीत दहा खेपा माराव्या लागतील. त्या माराव्यात.

दुसरं, ग्रामपंचायतीनं जे द्यायचं ते आपण खिशातनं देऊ नये. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. वस्ती सुधारणेचा निधी वेगळा येतो. तो कुठं गेला, हे ग्रामसभेत विचारा, २००५ च्या माहिती अधिकारात लेखी विचारा. आपण इथं हमाली करून वाडीला दिवे लावतो आणि पंचायत आपल्या वाटणीचे दिवे दुसऱ्या आळीला लावते. मंडळ जितकं उदार तितकी पंचायत निर्धास्त.

तिसरं, बायका. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागं ११२२ बाया होत्या. पुरुष इथं खोल्यांत, बाया तिथं विहिरीवर. आणि वाडीत काय बांधायचं ते ठरवतो कोण? चिंचपोकळीत रविवारी जमलेले बाप्ये. त्या इग्बो लोकांच्यात दर ऑगस्टमध्ये शहरातल्या बायका गावाला जातात, गावातल्या बायकांबरोबर स्वतःची सभा भरवतात, पैसा कशावर जाईल ते बोलतात. आपल्या आया-भैणींना असं का विचारू नये? माझ्या आईला विचारलं तर ती कमान सांगणार नाही. ती नळ सांगेल.

येत्या रविवारी आपापल्या मंडळाच्या सभेला जा. मागं उभं राहून चहा पिऊन परत येऊ नका. पावतीपुस्तक फिरायच्या आधी हात वर करा आणि सातबारा मागा. चिटणीस चिडेल, म्हातारे कुरकुरतील, कोणी तुम्हाला गावद्रोही म्हणेल. म्हणू द्या. कमान पुढच्या वर्षी बांधता येईल. आधी तिच्या पायाखालची जमीन आपली करून घेऊ.