बोर्ड गेला म्हणे!

दिवाळीत भातकुलीला गेलो होतो. फराळाची ताटली हातातच होती आणि दादा म्हणाला, "तुले कॉम्प्युटरातलं समजते ना? पाह्य बरं एकडाव. बोर्ड गेला म्हन्ते दुकानवाला."

दादा त्या कॉम्प्युटरवर गावातल्या लोकांचे फॉर्म भरून देतो. पीकविमा, शिष्यवृत्ती, काय काय. शिवाय घरचा दहा वर्षांचा हिशेब त्याच डिस्कवर. (दुसरीकडे कॉपी? आमच्या घराण्यात बॅकअप घेणं अशुभ मानतात.)

झालं होतं असं. घड्याळ सारखं मागे जायचं, म्हणून दादाने बोर्डावरचा बटणासारखा सेल बदलला, सीआर २०३२. झाकण उघडलंच आहे तर म्हणून रॅमची आणखी एक पट्टीही बसवली. तेव्हापासून पंखा फिरतो, पडदा काळा, आणि थांबून थांबून लांब बीप. अमरावतीच्या एका दुकानात दोन मिनिटांत निकाल लागला: बोर्ड गेला. तसला बोर्ड आता मिळत नाही, म्हणजे प्रोसेसर आणि रॅमही नवीन. सोळा हजार! २०२५-२६च्या ५,३२८ रुपये हमीभावाने धरलं तर तीन क्विंटल सोयाबीन. आणि तेही हमीभाव मिळाला तर...

आता निघालं काय ते ऐका. तसली बीप बहुतेक वेळा रॅमची तक्रार असते. दोन्ही पट्ट्या काढल्या, पुतणीच्या कंपासमधल्या खोडरबराने त्यांचे पिवळे दात पुसले, जुनी एकटीच लावली. पडदा उजळला. नवी पट्टी एका बाजूने नीट बसलीच नव्हती. दोन्हीकडून 'कट' वाजेपर्यंत दाबली. दादा टाळी वाजवणार तेवढ्यात विंडोज निळं पडलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणजे एक सोडून दोन भानगडी होत्या. सेल काढला की बायोसमधल्या सेटिंग्ज पुसल्या जाऊन कंपनीच्या मूळ सेटिंग्ज येतात. इथे डिस्कची पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर गेली होती. विंडोज टाकलं होतं एएचसीआयवर, त्याला आपली डिस्कच ओळखू येईना. ते एक सेटिंग परत फिरवलं, झालं. दीड तास गेला. खर्च शून्य, खोडरबर थोडं झिजलं.

पहिला विचार तुमच्यासारखाच आला, दुकानदार चोर! पण मी दादाला सहज विचारलं, तपासायचे किती दिले?

"तपासायचे काहून द्याचे? त्यानं केलं का काही?"

इथेच तर सगळं अडलंय. माझा दीड तास गेला. दुकानदाराने तेवढा वेळ घालवून 'पट्टी नीट बसवली आणि एक सेटिंग बदललं' असं सांगून तीनशे मागितले असते, तर हाच दादा गावभर सांगत फिरला असता की बोट लावायचे तीनशे घेते. बोर्ड विकला तर मात्र सोळा हजार निमूट देणार. मग दुकानदाराने शोधायचं कशाला? डॉक्टरने सुई टोचली नाही तर फी वाया गेली असं वाटणारी माणसं आपण. सुई मागून घेतो, आणि मग सुया फार देतात म्हणून ओरडतो.

शेतातली मोटर नुसती घुंऽऽ करते आणि फिरत नाही, तेव्हा जाणता मिस्त्री आधी कंडेन्सर पाहतो. लगेच नवी मोटर घ्या म्हणत नाही. हे आपल्याला कळतं. कॉम्प्युटर म्हटलं की अक्कल गहाण.

बरं, बोर्ड बदलणं निर्धोक असतं असंही नाही. कॉम्प्युटरसोबत आलेलं विंडोजचं लायसन्स बहुधा त्या बोर्डाशीच बांधलेलं असतं. अलीकडच्या कित्येक लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बोर्ड बदलला की ती ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली कुठे आहे हे आधी पाहून ठेवा, नाहीतर हिशेब डिस्कवर असूनही गेलाच समजा.

सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. चांगलं केलं. पण त्याने सुटे भाग आणि माहिती मिळेल; शोधणाऱ्याला त्याचा दाम कोण देणार?

कुणी म्हणेल, पैसे घेऊनही तो 'बोर्ड गेला'च म्हणाला तर? म्हणू द्या. पण मग "कशावरून?" असं विचारता येतं. फुकट पाहणाऱ्याला कोणत्या तोंडाने विचारणार?

यात माझाही हात आहे. वीस वर्षं नात्यातले सगळे कॉम्प्युटर मी चहावर दुरुस्त केले. 'पाहण्याचे पैसे नसतात' ही सवय लावणाऱ्यांत मीही आलो. म्हणून या वेळी सरळ म्हटलं, दादा, दोनशे रुपये दे.

दादाला वाटलं गंमत करतोय. मी हात पुढेच ठेवला. शेवटी दिले त्याने, दोन कोऱ्या नोटा. वहिनी मात्र तेव्हापासून फोनवर जेवढ्यास तेवढंच बोलते. (वहिनी, वाचत असशील तर, त्याच पैशांत थोडी भर घालून पेन ड्राइव्ह घेतलाय. दादाच्या हिशेबाच्या कॉपीसाठी. पुढच्या फेरीत आणतो.)