कॅसेट किराणा दुकानात का विकली गेली?

"सर, नवीन टेक्नॉलॉजी आली, आता आपला धंदा बुडणार का?" हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. माझं मत सरळ आहे. टेक्नॉलॉजी फक्त दार उघडते. त्यातून काय चालेल ते लोकांचे सण, भाषा, सवयी आणि खिसा ठरवतात.

कॅसेटचंच बघा. फिलिप्सने ती १९६३ मध्ये आणली, ती मुख्यतः बोलणं रेकॉर्ड करण्यासाठी. आपल्याकडे तेव्हा रेकॉर्डचा बाजार बहुतेक एचएमव्हीच्या हातात होता. तबकडी महाग, वाजवायचं मशीन त्याहून महाग आणि गाणी जास्त करून सिनेमाची. मग आखातात कामाला गेलेली माणसं सुट्टीला येताना टू-इन-वन आणू लागली आणि कॅसेट घराघरात शिरली.

ही संधी कोणी ओळखली? गुलशन कुमार यांनी. दिल्लीच्या दर्यागंजमध्ये त्यांच्या घरचं फळांच्या रसाचं दुकान होतं. १९८३ मध्ये त्यांनी टी-सिरीज सुरू केली. कॅसेट स्वस्त केली, पानटपरी आणि किराणा दुकानापर्यंत पोचवली आणि भजनं, आरत्या, बोलीभाषेतली गाणी भरपूर काढली. कॅसेट तर एचएमव्हीकडेही होती हो! फरक पडला तो गिऱ्हाईक ओळखण्यात.

आपल्या महाराष्ट्रातही तेच झालं. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवर भीमगीतांच्या कॅसेट विकल्या जायच्या. हा श्रोता कॅसेटने तयार केला नाही. तो आधीपासून रात्र-रात्र गायन पार्ट्या ऐकत होता. कॅसेटमुळे तेच गाणं त्याला घरी नेता आलं.

एक गोष्ट मात्र उचलू नका. या बाजारात चोरीच्या कॉप्या खूप होत्या. जुनी गाणी दुसऱ्या आवाजात काढल्याबद्दल टी-सिरीजवरही टीका झाली. कलाकाराचे पैसे बुडवून केलेला धंदा मला मान्य नाही.

आता तुमचं बघू. मुद्रा लोन काढून मशीन किंवा ॲप घेण्याआधी वहीत तीन उत्तरं लिहा. माझ्या भागातले लोक आत्ता काय करतात? त्यात त्यांना कुठे अडतं? आणि ते रोज कोणत्या दुकानाची पायरी चढतात?

उत्तरं सापडली तर मशीन घ्या. नाही सापडली, तर हप्ता सुरू करायची घाई करू नका.