गरिबी पवित्र नाही, ती लादलेली आहे!

"गांधी पंच्यात राहिले, तुमचे बाबासाहेब सुटाबुटात. मग गरिबांचा खरा नेता कोण?" कॉलेजच्या कट्ट्यावर हा प्रश्न आजही फेकला जातो आणि आपली पोरं अडखळतात. मित्रांनो, अडखळायचं कारण नाही. उलट विचारा, पंचा निवडायला आधी अंगावर कोट असावा लागतो की नाही? गांधी दिवाणाचे चिरंजीव, विलायतेत शिकलेले बॅरिस्टर. युरोपात असिसीचा फ्रान्सिस श्रीमंत कापड व्यापाऱ्याचा मुलगा. दोघांनी हातातलं सोडलं, म्हणून एक महात्मा झाला, दुसरा संत. गावकुसाबाहेरच्या आमच्या आज्याने काय सोडायचं होतं?

ख्रिस्ती परंपरेने गरिबाला निदान स्वर्गाचं राज्य देऊ केलं. मनुस्मृतीने तेही केलं नाही. शूद्राची ऐपत असली तरी त्याने धनसंचय करू नये, असं तिचा दहावा अध्याय सांगतो. का? तर धनवान शूद्राचा ब्राह्मणांना त्रास होतो! म्हणजे इथे गरिबी हे दुर्दैव नव्हतं, कायदा होता.

हा कायदा पोथीतच राहिला नाही. बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये घटना नोंदवल्या आहेत. 1935 साली अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावात अस्पृश्य बायकांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणलं, म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. जयपूर संस्थानातल्या चकवाऱ्यात अस्पृश्यांच्या पंगतीत तूप वाढलं, म्हणून सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले. त्या बायकांकडे भांडी घ्यायला पैसा होता. नव्हती ती परवानगी! अशा देशात बाबासाहेबांचा सूट म्हणजे चैन नव्हे, परवानगी न मागता केलेलं बंड होतं.

आणि बुद्ध? भिक्खूचं भिक्षापात्र त्याने स्वतः निवडलेलं असतं. उपासकाला बुद्धांनी गरीब राहायला सांगितलं नाही. चक्कवत्ति सीहनाद सुत्त सांगतं की राजाने निर्धनांना धन दिलं नाही, म्हणून दारिद्र्य वाढलं, दारिद्र्यातून चोरी आणि चोरीतून शस्त्रं व हत्या आल्या. दोष गरिबाच्या कर्माचा नाही, राज्यकर्त्याचा! सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहेत : एक उपभोगाला, दोन व्यवसायाला, एक अडचणीच्या काळासाठी. धर्माने दारिद्र्याचं उदात्तीकरण करू नये, ही बाबासाहेबांची 1950 सालची कसोटी याच वाटेवरची आहे.

म्हणून पोरांनो, सन्मार्गाने कमवा. घर बांधा, गाडी घ्या, लाजू नका. पण धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, 15 ऑक्टोबर 1956 ला, नागपुरात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी मागितला होता, हे विसरू नका. वीस हजार पगार असेल तर एक हजार. आपल्यातले किती जण देतात? दुसऱ्यांनी लादलेल्या गरिबीवर भाषणं ठोकायची आणि चळवळीची झोळी रिकामी ठेवायची, हा दुटप्पीपणा आपलाच आहे. तो आपणच संपवायचा.

जयभीम!