प्रति खाट खर्च आणि खिडकीचा हिशेब

वसतिगृहाचा प्रस्ताव मंजुरीसाठी येतो तेव्हा त्याच्या पहिल्या पानावर एक आकडा ठळकपणे मांडलेला असतो : प्रति खाट खर्च. हा आकडा जितका लहान, तितका प्रस्ताव कार्यक्षम, असा आपल्या प्रशासनात दृढ समज आहे. माझे म्हणणे असे की, विद्यार्थ्यांच्या निवासाबाबत यापेक्षा फसवे मापन दुसरे नाही. कारण ज्या गोष्टी कापून हा आकडा लहान करता येतो, त्यांत दिवसाचा उजेड सर्वांत आधी कापला जातो.

हे कसे घडते ते पाहा. मधोमध मार्गिका आणि तिच्या दोन्ही बाजूंना खोल्या, ही सर्वांत स्वस्त रचना. एका मार्गिकेवर दुप्पट खोल्या बसतात. मात्र ती मार्गिका भर दुपारीही अंधारी राहते. आतील चौक वगळला की त्या जागी आणखी खोल्या येतात. मग त्यांच्या खिडक्या अरुंद डक्टकडे उघडतात. नकाशावर खिडकी असते, उजेड नसतो.

यावर नियम नाहीत असे नव्हे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार खोलीतील उघड्या भागांचे क्षेत्रफळ, दारे वगळून, उष्ण-कोरड्या हवामानात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-दशांश आणि उष्ण-दमट हवामानात एक-षष्ठांश असावे. म्हणजे साडेनऊ चौरस मीटरच्या खोलीला उष्ण-कोरड्या भागात साधारण ०.९५, तर मुंबईत सुमारे १.६ चौरस मीटर. खिडकीपासून साडेसात मीटरपलीकडचा भाग उजळलेला धरू नये, असेही संहिता सांगते. परंतु ही संहिता शिफारसवजा आहे. राज्ये व स्थानिक संस्था आपल्या उपविधींत जेवढे स्वीकारतात, तेवढेच बंधनकारक ठरते. आणि जेथे बंधन आहे, तेथेही तपासणी बहुधा नकाशाची होते, खोलीची होत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील दोष चटकन दिसावा. बांधकामाचा खर्च भांडवली शीर्षाखाली पडतो आणि तो वाचवण्याचे श्रेय बांधकाम शाखेला मिळते. दिवसाढवळ्या जळणाऱ्या दिव्यांचे देयक पुढील पन्नास वर्षे महसुली शीर्षाखाली संस्था भरते. आणि बिघडलेली झोप, मंदावलेले मन, ओल धरलेल्या भिंती यांचा खर्च विद्यार्थी व त्याचे आईवडील सोसतात. तो कोणत्याच शीर्षाखाली येत नाही. सकाळचा उजेड शरीराचे घड्याळ लावतो, हे आता वैद्यकशास्त्रात वादातीत आहे. निर्णय घेणारा एक आणि किंमत मोजणारा दुसरा, अशी व्यवस्था असेल तर काटकसर ही केवळ खर्चाची ढकलाढकल ठरते.

पैसा असला की प्रश्न सुटतो, असेही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील परिसरात अब्जाधीश चार्ल्स मंगर यांच्या कल्पनेतून अकरा मजली, सुमारे ४,५०० विद्यार्थ्यांचे वसतिगृह योजले गेले होते. त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक खोल्यांना खिडकीच नव्हती. तिच्या जागी कृत्रिम प्रकाशाची चौकट. २०२१ मध्ये विद्यापीठाचे सल्लागार वास्तुविशारद डेनिस मॅकफॅडन यांनी निषेध म्हणून रचना-समितीचा राजीनामा दिला, आणि २०२३ मध्ये तो आराखडा सोडून देण्यात आला. आपल्याकडे असा राजीनामा देणारा कोण, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो.

आक्षेप येईल की, हा गरम देश आहे. खिडकी म्हणजे ऊन आणि ताप. हा आक्षेप उजेड व ऊन यांत गल्लत करतो. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत लुई कान यांनी विटांची वसतिगृहे उभारली, तीही त्या शहराच्या उन्हात. मोठ्या कमानी आणि वर्तुळाकार उघडे भाग बाहेर, त्यांमागे खोल सावलीची जागा, आणि तिच्या आड खोली : ऊन बाहेर थांबते, उजेड आत येतो. आपल्या वाड्यांची ओसरी आणि चौक यांनी हेच केले होते. त्या अठरा वसतिगृहांपैकी चौदा पाडण्याचा प्रस्ताव डिसेंबर २०२० मध्ये आला आणि टीकेनंतर १ जानेवारी २०२१ रोजी मागे घेतला गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुनर्बांधणीचा विचार पुन्हा पुढे आला. इमारती जीर्ण होतात, हे मान्य. पण पाडताना विटांसोबत त्यांतील शहाणपणही पाडले जाऊ नये.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. स्पर्धा परीक्षांसाठी आपली कितीतरी मुले राजेंद्र नगर, मुखर्जी नगर येथे येतात आणि लाकडी आडोशांनी पाडलेल्या, खिडकी नसलेल्या खोल्यांत उमेदीची वर्षे काढतात. २७ जुलै २०२४ रोजी जुन्या राजेंद्र नगरातील एका तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. ते तळघर साठवणीसाठी मंजूर होते. वापर अभ्यासिकेचा होता. जेथे दिवस शिरत नाही अशा जागेत माणसांना बसवण्याची सवय आपण किती सहज लावून घेतली आहे, हे त्या दिवशी दिसले.

माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, प्रति खाट खर्चाशेजारी पन्नास वर्षांचा वीज व देखभालीचा खर्च मांडल्याशिवाय प्रस्ताव स्वीकारू नये. दोन, प्रत्येक अभ्यासाच्या टेबलाचे खिडकीपासूनचे अंतर नकाशावर दाखवावे. तीन, दर काही खोल्यांनंतर मार्गिका बाहेर उघडावी. चार, कार्यपूर्ती प्रमाणपत्रापूर्वी सकाळी अकरा वाजता सर्व दिवे बंद करून इमारत पाहावी. ज्या खोलीत पुस्तक वाचता येत नाही, ती खोली मोजणीत धरू नये.

या चौथ्या कसोटीसाठी ना नवा कायदा लागतो, ना निधी. तपासणी अधिकाऱ्याने दिव्याचे बटण बंद करावे, इतकेच.